हेड तपासल्याशिवाय बसवू नका
इंजिन तापलं, हेड गॅस्केट जळालं, की बऱ्याच गॅरेजांत नवं गॅस्केट टाकून काम उरकलं जातं. गिऱ्हाईकही घाईत असतं. पण उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, शिवाय दोन व्हॉल्व्ह सीटांमधल्या अरुंद पट्टीत केसाएवढी चीर पडू शकते. ती नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून हेड प्रेशर टेस्टिंगला द्यायलाच हवं. तिथे पाण्याच्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्या आवळून बंद करतात, आत दाबाने हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. पाणी गरमच हवं, कारण काही चिरा धातू प्रसरण पावल्यावरच उघडतात. जिथून बुडबुड्यांची माळ निघते, तिथे गळती. बिडाच्या हेडला चुंबक लावून लोखंडाची भुकटी भुरभुरली, तर ती चिरेवर गोळा होते. अ‍ॅल्युमिनियमवर ही युक्ती चालत नाही, तिथे चिरेत झिरपणारा रंग वापरतात. चिरेतून कूलंट तेलात उतरलं, तर बेअरिंगही जातात आणि सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागतं. त्या खर्चापुढे तपासणीचे पैसे किरकोळ आहेत. मिस्त्रींकडे आग्रह धरा, आणि बुडबुडे स्वतः उभं राहून बघा.