विश्लेषण : वाहतूक दंडात सवलत मागता येते का? कोणाकडे आणि कशी?

हेल्मेट, पार्किंग, झेब्रा क्रॉसिंग... किरकोळ नियमभंगाचे चलन आले की ‘थोडे कमी करा’ ही विनवणी ठरलेली. कायद्यात तिला जागा किती आहे आणि ती कोणाला मिळायला हवी, याचा आढावा.

दिवसभर डिलिव्हरी करून रात्री घरी पोहोचलेल्या तरुणाच्या मोबाइलवर संदेश येतो. दुचाकीवर ई-चलन, हेल्मेट नाही, दंड ५०० रुपये. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला आलिशान मोटारीच्या मालकालाही नो-पार्किंगचे चलन येते. पहिल्याची दिवसाची कमाई त्या एका संदेशात जाते, दुसऱ्याला तो संदेश उघडण्याचीही घाई नसते. मात्र दोघांच्या मनात येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सारखाच असतो : ‘ट्रॅफिकमध्ये कोणी ओळखीचे आहे का?’

दंडात सवलत मागणे हा गुन्हा नाही. कायद्याने त्यासाठी काही दारे ठेवली आहेत. पण ती दारे कोणती हे माहीत नसल्याने सवलत ओळखीच्या माणसाला मिळते, अनोळखी माणसाला मिळत नाही. खरा अन्याय तिथे आहे.

दंडाची रक्कम ठरवते कोण?

मूळ कायदा १९८८ चा मोटार वाहन कायदा. २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून वाढीव दंड लागू झाले. हेल्मेट न घालण्याचा दंड १०० रुपयांवरून थेट १००० रुपये झाला. नाराजी इतकी होती की गुजरातने काही दिवसांतच अनेक दंड कमी केले आणि महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवून ठेवली. राज्यात सुधारित दर लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये.

केंद्राने ठरवलेला दंड राज्ये कमी कसा करतात? याचे उत्तर कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. न्यायालयात न जाता जी रक्कम भरून प्रकरण मिटवता येते तिला तडजोड शुल्क म्हणतात आणि ती ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणूनच कायद्यात हेल्मेटसाठी १००० रुपये लिहिलेले असताना महाराष्ट्रात ५०० रुपयांचे चलन येते. थोडक्यात, चलनावरची रक्कम हीच अनेकदा सवलतीची रक्कम असते.

चौकातला पोलीस रक्कम कमी करू शकतो का?

नाही. तडजोड शुल्क राजपत्रात जाहीर झालेले असते. ५०० चे ३०० करण्याचा अधिकार चौकात उभ्या असलेल्या हवालदाराला नाही आणि त्याच्या वरिष्ठालाही नाही. किरकोळ चुकीवर समज देऊन सोडणे प्रत्यक्षात घडते, पण तो त्या कर्मचाऱ्याचा त्या क्षणाचा निर्णय असतो. त्यावर हक्क सांगता येत नाही. एकदा यंत्रात चलन तयार झाले की तोही मार्ग बंद होतो.

‘साहेब, दोनशेत मिटवा’ हा तर सवलतीचा अर्जच नव्हे. पावती न घेता दिलेला पैसा ही लाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पाचशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

मग न्यायालयात काय वेगळे होते?

चलन मान्य नसेल किंवा ते भरले नाही, तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकते. तिथे कायद्यातला एक छोटा शब्द महत्त्वाचा ठरतो : ‘पर्यंत’.

ज्या नियमभंगासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, तो कलम १७७ खाली येतो. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड, अशी त्याची भाषा आहे. म्हणजे परिस्थिती पाहून त्याहून कमी दंड करण्यास न्यायालयाला वाव आहे. हेल्मेटच्या कलमात मात्र ‘पर्यंत’ नाही, रक्कम थेट १००० रुपये आहे. हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी किमान १००० आणि कमाल २००० अशी चौकट आहे. त्यामुळे न्यायालयात जाण्यापूर्वी चलनावरचे कलम वाचणे आवश्यक. तडजोडीची रक्कम कमी आणि कायद्यातली जास्त असेल, तर न्यायालयात गेल्यावर दंड वाढूही शकतो.

आणखी एक तरतूद फारशी चर्चेत नसते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार केवळ दंडाच्या किंवा दोन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यात, आधी शिक्षा झालेली नसल्यास, न्यायालय आरोपीला ताकीद देऊन सोडू शकते. तो न्यायालयाचा विवेकाधिकार आहे. मागितला की मिळेलच असे नाही.

चूक झालीच नसेल तर?

तर सवलत मागूच नये. चलन रद्द करण्याची मागणी करावी. या दोन गोष्टींची गल्लत हीच सर्वात मोठी चूक ठरते. ‘गाडी माझी नव्हती, पण असली तरी थोडे कमी करा’ असे लिहिणारा स्वतःच आपली बाजू कमकुवत करतो.

चुकीची चलने येतात, हे वास्तव आहे. नंबरप्लेटवरचा एक अंक चुकीचा वाचला जातो. कोणी दुसऱ्याच्या गाडीचा क्रमांक स्वतःच्या गाडीवर लावून फिरतो. विकलेली गाडी कागदोपत्री जुन्या मालकाच्याच नावावर राहते आणि चलने त्याच्याकडे येत राहतात. पगडी घातलेल्या शीख चालकाला कायद्यानेच हेल्मेटमधून सूट आहे, तरी छायाचित्रावरून चलन निघू शकते.

कॅमेऱ्याने टिपलेल्या नियमभंगाबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट अटी घालण्यात आल्या. नियमभंगाची सूचना १५ दिवसांत पाठवावी, नियमभंग आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असे छायाचित्र असावे, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणते कलम मोडले याचा उल्लेख असावा, असे हे नियम सांगतात. चलन आल्यावर आधी ते छायाचित्र उघडून पाहावे. राज्यात महाट्रॅफिक संकेतस्थळ आणि ॲपवर चलनाचा तपशील दिसतो आणि तिथेच तक्रारही नोंदवता येते.

संदेशातल्या कोणत्याही लिंकवर मात्र बोट ठेवू नये. ‘ई-चलन’ नावाची फाइल पाठवून बँक खाते रिकामे करणारे भामटे सक्रिय आहेत. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करणे सर्वात सुरक्षित.

चूक मान्य आहे, पण कारण होते. तेव्हा काय लिहावे?

अर्ज लहान असावा. चलन क्रमांक, वाहन क्रमांक, तारीख, ठिकाण, काय घडले आणि नेमकी मागणी काय, एवढे पुरे. ‘मी प्रामाणिक करदाता आहे’ याचा उपयोग नसतो, कागदाचा असतो.

आजारी माणसाला रुग्णालयात नेताना नो-पार्किंगमध्ये गाडी लावली असेल, तर वेळ नोंदवलेला केसपेपर जोडावा. गाडी विकली असेल तर विक्रीचा करार आणि हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० यांच्या प्रती जोडाव्यात. गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर त्याचे नाव सांगणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे. फलक झाडाआड झाकला गेला असेल तर तारीख दिसेल असे त्या जागेचे छायाचित्र द्यावे. पहिलीच वेळ असेल तर तसे लिहावे, कारण मागचा इतिहास यंत्रणेसमोर असतोच. हे सगळे महिनोन्‌महिने थांबून नव्हे, चलन कळताच करावे. उशिरा आलेले कारण सबबीसारखे वाटते.

लोकअदालतीत दंड कमी होतो का?

होऊ शकतो, पण ‘निम्मा दंड माफ’ असा तिथे नियम नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार भरणारी लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीने वाद मिटवते. त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि तिच्या निवाड्यावर अपील करता येत नाही. खटला दाखल होण्यापूर्वीची ई-चलन प्रकरणेही राष्ट्रीय लोकअदालतीत घेतली जातात. प्रलंबित चलन असलेल्यांना तशी सूचना मोबाइलवर येते.

इथेही मर्यादा आहेत. कायद्याने तडजोडीस पात्र नसलेला गुन्हा लोकअदालतीत मिटत नाही. मद्यपान करून वाहन चालवणे हे कलम २०० च्या यादीत नाही. त्यासाठी दयेचा अर्ज घेऊन जाणे व्यर्थ आहे. हेल्मेटच्या कलमात तर दंडासोबत तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. पैसे कमी झाले तरी परवान्याचा प्रश्न उरू शकतो.

सरसकट सवलतीत गैर काय?

तेलंगणने २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस थकीत चलनांवर मोठी सूट दिली. दुसऱ्या वेळी दुचाकींना ती ८० टक्के होती. कर्नाटकने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के सूट जाहीर करताच भरणा करणाऱ्यांची रीघ लागली आणि पुढेही अशा सवलती आल्या. थकबाकी वसूल झाली, न्यायालयांवरचा भार हलका झाला, हे मान्य.

पण या सवलतीने शिकवले काय? ज्याने चूक मान्य करून दुसऱ्याच दिवशी पूर्ण दंड भरला तो वेडा ठरला आणि ज्याने दहा चलने साठवली तो शहाणा. कर्नाटकच्या सवलतीत डिलिव्हरी करणारा तरुण आणि आलिशान मोटारीचा मालक यांना एकच टक्केवारी मिळाली. अशी सूट एकदा दिली की पुढच्या सवलतीची वाट पाहणे सुरू होते आणि दंडाचा धाक संपतो.

दंडाचा धाक कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातले नव्हते. ‘किरकोळ’ नियमभंग किरकोळ असतो तो अपघात होत नाही तोवरच.

मग सवलत असावी कशी?

सवलत नको, असा याचा अर्थ नाही. यंत्रणा जितकी यांत्रिक होते, तितकी ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज वाढते. पूर्वी चौकात निदान आपले म्हणणे सांगता येत होते. कॅमेऱ्याला कारण सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातील वाहतूकदारांनी ई-चलनांविरोधात संपाचे हत्यार उपसले, त्यामागेही आपले कोणी ऐकत नाही ही भावना होती.

उपाय अवघड नाहीत. जीव धोक्यात न घालणाऱ्या पहिल्या चुकीला दंडाऐवजी लेखी ताकीद द्यावी आणि तिची नोंद ठेवावी. प्रत्येक तक्रारीला ठरावीक मुदतीत, कारणासह उत्तर मिळावे. ‘अर्ज नामंजूर’ हे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे. रोजंदारीवर जगणाऱ्यांना हप्ते मिळावेत. ब्रिटनमध्ये मर्यादेपेक्षा थोडा जास्त वेग असलेल्या चालकाला दंड आणि गुणांऐवजी स्वखर्चाने प्रशिक्षण वर्गाचा पर्याय दिला जातो. आपल्या कलम २०० मध्येही समाजसेवेचा उल्लेख आला आहे, पण तो तडजोड शुल्काशिवाय जादा म्हणून. ती दंडाला पर्याय म्हणून देता आली, तर पाचशे रुपये सहज फेकणाऱ्यालाही शनिवारची सकाळ चौकात उभे राहून घालवावी लागेल. खिशाला न झोंबणारा दंड वेळेला नक्की झोंबेल.

पोलिसांनीही स्वतःला तोच नियम लावायला हवा. अस्पष्ट छायाचित्र, उशिरा आलेली सूचना, न दिसणारा फलक यांवर काढलेले चलन रद्द करणे ही मेहरबानी नाही, ते कर्तव्य आहे.

वाहनचालकाच्या बाजूनेही एक बदल गरजेचा आहे. चलन आल्यावर पहिला फोन ओळखीच्या साहेबांना किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात जातो, तो थांबायला हवा. ओळखीने मिळालेली माफी रांगेतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याची असते. ज्याला ओळख नाही, वकील परवडत नाही, सुट्टी घेऊन न्यायालयात जाणे जमत नाही, त्या तरुणाचा चार ओळींचा अर्ज कोणीतरी वाचेल आणि त्याला उत्तर देईल, एवढी सोय झाली तरी दंडाबद्दलचा राग निम्मा कमी होईल. उरलेल्या निम्म्यासाठी डोक्यावर हेल्मेट चढवणे पुरेसे आहे.