कुरळ्या केसांचं काय चुकलं?

भाचीला बघायला पाहुणे येणार, म्हणून वहिनी तिला केस सरळ करायला पार्लरमध्ये धाडत होत्या. मी आडवी आले. अमेरिकेत २०२२ मध्ये सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं, की केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. रसायनच कारण, हे सिद्ध झालेलं नाही. ‘एकदाच तर करायचंय,’ वहिनी म्हणाल्या. पण मुळाशी केस पुन्हा कुरळेच उगवणार. पाहुण्यांना सरळ आवडले, तर जन्मभर पार्लर?

कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून ते रुक्ष होतात. ओल्या केसांना थोडं खोबरेल, मोठ्या दातांचा कंगवा, बस्स! भाची तशीच बसली पाहुण्यांपुढे. वहिनी अजून घुश्शात आहेत.