परक्याच्या लेकराचे डोके

1993 साली ‘द प्रोग्रॅम’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. एका काल्पनिक विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची ती कथा. त्यात ताण दारूत बुडवणारा क्वार्टरबॅक आहे, स्टेरॉइड टोचून शरीर फुगवणारा खेळाडू आहे, आणि हरलो तर नोकरी जाईल या धास्तीने सारे दिसत असूनही गप्प राहणारा प्रशिक्षक आहे. एका दृश्यात खेळाडू धैर्य दाखवण्यासाठी रात्री भर रस्त्यात, मधल्या रेषेवर आडवे होतात. ते पाहून काही तरुणांनी तसेच केले आणि त्यात जीव गेला. मग ते दृश्य कापण्यात आले. ज्या व्यवस्थेचे चित्रण त्यात होते, तिला मात्र कोणी हात लावला नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेले आपण मराठी लोक त्या व्यवस्थेचे प्रेक्षक आहोत. शरद ऋतूतल्या शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घालून आपण सहकुटुंब स्टेडियममध्ये जातो. मिशिगनच्या स्टेडियममध्ये तर लाखाहून अधिक माणसे बसतात. आपली मुले त्याच विद्यापीठात संगणकशास्त्र किंवा वैद्यक शिकत असतात. त्यांना आपण त्या मैदानावर उतरू देत नाही. मुलाने शाळेत हट्ट धरलाच, तर डोक्याला मार बसेल म्हणून त्याला टेनिसला घालतो. म्हणजे धोका आपल्याला पुरता ठाऊक आहे. तरीही दुसऱ्याचा मुलगा डोक्यावर आदळला की आपण उभे राहून टाळ्या पिटतो, आणि त्या मुलांत कृष्णवर्णीय किती आहेत हे दिसूनही मनात प्रश्न उठत नाही. तो उठणार कसा? जोखमीची, अंग झिजवणारी कामे जन्मानेच दुसऱ्यांच्या वाट्याची, असे मानणाऱ्या घरांत आपण वाढलो. समुद्र ओलांडला, पण ही नजर बरोबर आली.

या खेळाचा हिशेब जुनाच आहे. 1955 साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार बसून मेला. त्याच्या विधवेने कामगाराच्या वारसाला मिळते तशी भरपाई मागितली. 1957 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालयाचा फुटबॉल हा धंदा नव्हे, असे ठरले. आज ज्याच्या प्रक्षेपणाचे हक्क प्रचंड रकमांना विकले जातात, तो हाच खेळ. 2017 साली बोस्टनच्या संशोधकांनी, महाविद्यालयापर्यंत खेळलेल्या 53 जणांचे मृत्यूनंतर दान झालेले मेंदू तपासले. त्यांतील 48 मेंदूंत वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास आढळला. लक्षणे दिसलेल्या घरांतूनच असे दान अधिक होते, हे धरले तरी हा आकडा झोप उडवणारा आहे. 2018 साली मेरीलँड विद्यापीठाच्या सरावात 19 वर्षांच्या जॉर्डन मॅकनेरला उष्माघात झाला, उपचाराला उशीर झाला आणि तो दगावला. आता खेळाडूंना पैसे मिळू लागले आहेत, ते न्याय्यच आहे. पण पैशाने मेंदू भरून येत नाही.

1905 च्या हंगामात अनेक तरुण मेले, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी विद्यापीठांना बोलावून घेतले, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलले. लोकांनी रेटा लावला की हा खेळ बदलतो. तेव्हा देणगीचा धनादेश लिहिण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाला विचारा: डोक्याला मार बसलेला मुलगा पुन्हा कधी उतरेल हे डॉक्टर ठरवतो की प्रशिक्षक? शिक्षण संपल्यावर त्याच्या उपचाराचा खर्च कोण करतो? लेखी उत्तर हाती येईपर्यंत तो धनादेश देऊ नका.