आपलीच माणसं, आपलाच पहारा



मॅनेजमेंटवरच्या पुस्तकांत आणि कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये "हाताखालच्या लोकांचा विश्वास संपादन करा" हा उपदेश हमखास भेटतो. त्याचे उपायही ठरलेले: सगळ्यांची नावं लक्षात ठेवा, केबिनचं दार उघडं ठेवा, महिन्यातून एकदा पिझ्झा मागवा. यात वाईट काही नाही. पण या विश्वासात दोन्ही बाजूंची जोखीम सारखी नसते, हे तिथे कुणी सांगत नाही. माझा अंदाज चुकला तर प्रोजेक्ट लांबतं. हाताखालच्या माणसाचा चुकला तर त्याची नोकरी जाते, आणि तो वर्क व्हिसावर असेल तर बिऱ्हाडही हलवावं लागतं. म्हणून पहिलं पाऊल वरच्या माणसाने टाकायला हवं, आणि तेही बोलून नव्हे, तर हातातला थोडा अधिकार सोडून.

मी एजवेअरला राहतो. इथून पाचेक मैलांवर, डॉलिस हिल स्टेशनजवळ चॅप्टर रोडवर, ग्रुनविक नावाची फोटो धुण्याची कंपनी होती. लोक टपालाने फिल्म पाठवत, फोटो टपालानेच परत येत. कामाला बऱ्याचशा पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. आठवड्याला ४० तासांचे २८ पौंड. ऑगस्ट १९७६ मध्ये, उन्हाने लंडन भाजून निघालं असताना, देवशी भुडिया या तरुणाला काम सावकाश करतो म्हणून काढून टाकलं. त्याच दिवशी, घरी निघायच्या तयारीत असलेल्या जयाबेन देसाईंना जादा वेळ थांबायचा हुकूम झाला. त्या आणि त्यांचा मुलगा तडक बाहेर पडले. बघता बघता १३७ जण संपावर गेले आणि कंपनीने त्यांना बडतर्फ केलं. जयाबेन सांगत की भांडण पगारापेक्षा माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीचं आहे. शौचालयात जायला परवानगी मागावी लागे, आणि काचेच्या केबिनमधून साहेब लोक नजर ठेवून असत.

पुढची हकीकत आपल्यातल्या पुष्कळांना माहीत असेल. १९७७च्या उन्हाळ्यात देशभरातून हजारो कामगार त्यांच्या पाठिंब्याला आले, लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी समितीने संपकऱ्यांना कामावर परत घ्या असं सुचवलं, कंपनीने ते धुडकावलं, आणि जुलै १९७८ मध्ये संप हरला. मला यातली एक बाब जास्त टोचते. मालक जॉर्ज वॉर्ड स्वतः दिल्लीत जन्मलेले अँग्लो-इंडियन होते. एका मातीचे म्हणून विश्वास आपोआप येतो, ही आपली लाडकी समजूत तिथेच निकालात निघते.

आता कुणी म्हणेल, तो जुन्या काळचा कारखाना, आपण लॅपटॉपवाले. पण काचेची केबिन फक्त लहान होऊन स्क्रीनमध्ये शिरली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, बार्कलेज बँक लंडनमधल्या काही कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर, कोण किती वेळ काम करतं हे मोजणारं सॉफ्टवेअर चालवून बघत असल्याचं बाहेर आलं. ओरड झाली आणि बँकेने काही दिवसांतच माघार घेतली. ते सॉफ्टवेअर बनवणारी सेपियन्स ही कंपनी मूळची पुण्याची! पहारा एक्स्पोर्ट करण्यातही आपण मागे नाही.

आणि पुण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्यातल्या अनेकांची अर्धी टीम तिकडेच असते. इथल्या गोऱ्या सहकाऱ्याला ईमेल लिहिताना आपण चार वेळा "जमलं तर" म्हणतो. तेच काम पुण्याला सांगताना "अरे, आज संपवून टाक". इथला माणूस घरून काम करतो म्हणाला तर ठीक, तिथला म्हणाला तर दर दोन तासांनी स्टेटस हवं. लंडनच्या सोयीने दुपारी तीनला ठेवलेली मीटिंग हिवाळ्यात पुण्यात रात्री साडेआठला होते, आणि तिला जादा वेळ म्हणायची कुणाची टाप नसते. वर आपण तक्रार करतो की ही मुलं खरं बोलत नाहीत, शेवटच्या दिवसापर्यंत "होऊन जाईल सर" एवढंच म्हणतात. का म्हणणार नाहीत? "नाही होणार" म्हणणाऱ्याचं काय झालं, हे बाकीच्यांनी पाहिलेलं असतं. माझ्या मते टीममधला विश्वास मोजायची हीच खरी पट्टी: वाईट बातमी मुदतीच्या किती दिवस आधी येते.

अधिकार सोडायचा म्हणजे काय, याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथे रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा असं जग म्हणत होतं, त्यांच्याच हाती पहारा! जोखीम पूर्णपणे मालकाची होती. अर्थात यातही एक मेख आहे. मालकाच्या भलेपणावर उभा असलेला विश्वास मालकाबरोबरच जातो. जयाबेनना युनियन हवी होती ती याचसाठी, चांगला मॅनेजर नशिबाने मिळायची वाट बघावी लागू नये म्हणून. त्यामुळे हाताखालचं कुणी युनियनमध्ये गेलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" असं रुसणारे आपले मराठी मॅनेजर पाहिले की मला गंमत वाटते. आपल्या पगारवाढीचं कंपनीकडून लेखी घेताना हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

माझ्या टीमपुरतं सांगतो. मॅनेजर झालो तेव्हा दुपारी तीनची मीटिंग वारशात मिळाली होती. ती आता सकाळी नऊला असते, पुण्यात हिवाळ्यात अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजता. दोन तासांचं स्टेटस बंद केलं. त्याऐवजी, काम वेळेत होणार नाही असं जो आधी सांगेल त्याच्या अप्रेझलमध्ये त्याची चांगली नोंद करायची, असं टीमला लेखी कळवलं. पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात एका मुलीने मुदतीच्या अकरा दिवस आधी सांगितलं की जमणार नाही. माझ्या वरिष्ठांना ते कळवताना घाम फुटला, पण काम तीन आठवडे पुढे ढकलता आलं. सकाळी नऊची वेळ मात्र इथल्या दोघांना अजून पसंत नाही, शाळेच्या वेळेची अडचण होते म्हणतात. त्यांचंही खरं आहे. पुढच्या महिन्यापासून एक आठवडा नऊ, एक आठवडा दहा करून बघायचं ठरलं आहे.