बंदूक मागे पडली, गाव पुढे आले

‘वेस्टर्न’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. उधळलेले घोडे, उडणारी धूळ, दारूचा गुत्ता आणि शेवटी भर रस्त्यात एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोन पुरुष. १९७५ साली आलेल्या ‘शोले’ने हा सारा सरंजाम रामगढच्या खडकांत आणून बसवला आणि आपण तो आपलासा केला. त्याच १९७५ साली, ३१ मार्च रोजी, अमेरिकेत एका दूरचित्रवाणी मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. ती वीस वर्षे चालली आणि तिचे एकूण ६३५ भाग झाले. तिचे नाव ‘गनस्मोक’, म्हणजे बंदुकीचा धूर. गंमत अशी, की उत्तरार्धात हा धूर उत्तरोत्तर विरळ होत गेला. जाणकार म्हणवणारे प्रेक्षक यालाच तिचा ऱ्हास म्हणतात. मला हे मत मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास सांगणे भाग आहे. ‘गनस्मोक’चा जन्म रेडिओवर झाला. नॉर्मन मॅकडॉनेल आणि लेखक जॉन मेस्टन यांनी १९५२ साली सीबीएसच्या रेडिओवर ती सुरू केली. बालगोपाळांसाठीच्या शूरवीरांच्या गोष्टींना कंटाळलेल्या प्रौढांसाठी ती होती. १० सप्टेंबर १९५५ रोजी ती दूरचित्रवाणीवर आली. कॅन्सस राज्यातील डॉज सिटी हे गुरांच्या बाजाराचे गाव, काळ १८७० नंतरचा आणि नायक तेथला मार्शल मॅट डिलन. जेम्स आर्नेस या धिप्पाड नटाने ही भूमिका पहिल्यापासून शेवटपर्यंत केली. त्याच्या भोवती डॉक्टर अ‍ॅडम्स (मिलबर्न स्टोन), गुत्त्याची मालकीण किटी (अमांडा ब्लेक) आणि लंगडत चालणारा मदतनीस चेस्टर (डेनिस वीव्हर) अशी मंडळी होती.

पहिल्याच भागाची गोष्ट पाहा. विजेच्या वेगाने पिस्तूल काढणारा एक इसम गावात येतो आणि मार्शल त्याच्या गोळीने खाली कोसळतो. नायक पहिल्याच दिवशी धुळीत! बरा झाल्यावर मॅट विचार करतो. हा माणूस वेगवान आहे, पण त्याचा नेम दुरून लागत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी तो अंतर राखून उभा राहतो. येथे शौर्यापेक्षा शहाणपण मोठे ठरते. त्या काळातील कित्येक भागांच्या आरंभी मॅट गावाबाहेरच्या दफनभूमीत थडग्यांमधून एकटाच फिरताना दिसतो आणि स्वतःशी बोलतो. अर्ध्या तासाच्या, कृष्णधवल, कोरड्या आणि कडवट अशा या गोष्टी होत्या. १९५७ ते १९६१ अशी सलग चार वर्षे ही मालिका अमेरिकेत लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर राहिली, यात नवल नाही.

मग बदल होत गेले. १९६१ साली अर्ध्या तासाचा भाग एक तासाचा झाला. १९६४ साली वीव्हर मालिका सोडून गेला. त्याच सुमारास मॅकडॉनेल यांनाही निर्मितीतून बाजूला व्हावे लागले. चेस्टरच्या जागी फेस्टस आला. केन कर्टिसने रंगवलेला हा फेस्टस निरक्षर, रांगडा, रूथ नावाच्या खेचरावर बसून फिरणारा आणि डॉक्टरांशी सदैव भांडणारा. १९६६ पासून मालिका रंगीत झाली. १९६७ साली तर ती बंदच होणार होती. सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांनी हा निर्णय फिरवला आणि मालिका शनिवारवरून सोमवारी नेण्यात आली. त्यापायी एका विनोदी मालिकेचा बळी गेला. ‘गनस्मोक’ मात्र पुन्हा पहिल्या पाचांत जाऊन बसली. पहिल्या वर्षी ३९ भाग झाले होते, शेवटच्या वर्षी २४. जॉन मँटली यांच्या निर्मितीत गोष्टी अधिकाधिक पाहुण्या पात्रांच्या होऊ लागल्या. काही भागांत मार्शल आरंभी गावाबाहेर जातो तो शेवटालाच परततो. शीर्षकातील ती प्रसिद्ध झुंजसुद्धा अखेरच्या वर्षांत गेली आणि तिच्या जागी घोडा दौडवणारा मॅट आला.

टीकाकारांचा आक्षेप येथेच आहे. ते म्हणतात, मालिका मवाळ झाली. मार्शल आपल्याच घरी पाहुणा झाला. अर्ध्या तासाचा ठोस आशय तासाभरात पाणी घालून वाढवला गेला. यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. काही भाग खरोखरच रेंगाळतात. पण मालिकेचा केंद्रबिंदू सरकला म्हणजे ती घसरली, हा न्याय मला पटत नाही.

उत्तरार्धातील काही भाग आठवून पाहू. १९७१ मधील ‘द लॉस्ट’ या भागात घोडागाडीला अपघात होतो, किटी एकटी वाचते आणि ओसाड माळावर तिची गाठ जनावरासारख्या वाढलेल्या एका मुलीशी पडते. त्याच वर्षीच्या ‘पाइक’ या दोन भागांच्या गोष्टीत उकिरडे उपसून जगणारी एक म्हातारी जखमी गुन्हेगार पोराची शुश्रूषा करते. ही म्हातारी प्रेक्षकांना इतकी आवडली, की पुढे १९७४ साली तिच्यावर स्वतंत्र मालिका निघाली. ‘द बुलेट’ या तीन भागांच्या गोष्टीत मॅटच्याच पाठीच्या कण्याजवळ गोळी रुतली आहे आणि ती काढायला डॉक्टरांचा हात धजत नाही. त्याला आगगाडीने डेन्व्हरला नेण्यात येते आणि वाटेत दरोडेखोर गाडी ताब्यात घेतात. सगळ्यांचा रक्षणकर्ता आडवा पडलेला आहे आणि इतरांनी त्याला सांभाळायचे आहे! १९७४ मधील ‘थर्टी अ मंथ अँड फाउंड’मध्ये ज्यांचा धंदाच काळाने गिळला अशा गुराख्यांची परवड आहे. महिना तीस डॉलर आणि दोन वेळचे जेवण, एवढीच ज्यांच्या आयुष्याची किंमत, त्यांनी बदललेल्या जगात जावे कोठे?

पूर्वी प्रश्न असा होता, की मार्शल काय करील? आता प्रश्न असा झाला, की या माणसाचे काय होईल? माझ्या मते हा ऱ्हास नव्हे, ही वाढ आहे.

येथे एक घरगुती गोष्ट सांगतो. माझे आजोबा पोलीस खात्यात हवालदार होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी संगणकावर ही मालिका पाहत असता ते शेजारी येऊन बसू लागले. इंग्रजी त्यांना येत नाही. मी मराठीतून सांगत जाई. पहिल्या वर्षांचे भाग त्यांनी पाहिले, पण फारसे बोलले नाहीत. उत्तरार्धातील एक भाग संपल्यावर मात्र म्हणाले, “हा माणूस आता नोकरीत मुरलाय बघ.” मी विचारले, “कशावरून?” तर म्हणाले, “अरे, बंदूक काढावी लागली म्हणजे त्याच्या आधी आपलं कुठंतरी चुकलेलं असतं. नवीन असतो तेव्हा हे कळत नाही. मुरलेला पोलीस आधी चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. कोणाच्या घरी काय चाललंय, हे ज्याला ठाऊक त्याला काठीसुद्धा लागत नाही.” चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही गोळी झाडली नव्हती. लहानपणी मला याची थोडी लाज वाटे. मित्रांना सांगण्यासारखा एकही पराक्रम आजोबांच्या नावावर नाही, असे वाटे. त्या दिवशी प्रथमच ती लाज गेली.

तरीही या बदलाचे सारे श्रेय मी निर्मात्यांच्या सद्सद्विवेकाला देणार नाही. १९६८ साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. अध्यक्ष जॉन्सन यांनी हिंसाचाराच्या कारणांचा शोध घेण्यासाठी आयोग नेमला आणि दूरचित्रवाणीवरील मारामारीकडे बोट दाखवले जाऊ लागले. कंपन्यांनी धास्तावून गोळीबाराला कात्री लावली. म्हणजे बंदूक मागे पडली ती अंशतः बाहेरच्या दडपणामुळे. येथे माझीही एक तक्रार आहे. हिंसा पडद्यावरून पुसणे आणि हिंसेचा हिशेब मांडणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. थडग्यांमधून फिरणारा तो जुना मॅट माणसे मारत होता, परंतु प्रत्येक मेलेल्या माणसाचे ओझे वाहत होता. ते एकाकी स्वगत पुढे उरले नाही, ही हानी मोठी आहे.

पण तो सल समूळ नाहीसा झाला, असेही नाही. १९७२ मधील ‘होस्टेज’ या भागात गुंड किटीची विटंबना करून तिला गोळी घालतात. तेव्हा मॅट छातीवरचा बिल्ला काढून ठेवतो आणि मगच त्यांच्या मागावर निघतो. सूड घ्यायचा तर कायद्याच्या नावाने घ्यायचा नाही, एवढे भान त्याला त्या संतापातही आहे. सतरा वर्षे ज्याने तो बिल्ला वागवला त्यानेच तो काढला, म्हणून त्या कृतीला वजन येते. पहिल्या वर्षी हाच प्रसंग घडता, तर तो केवळ नाट्यमय वाटला असता. दीर्घकाळ चाललेल्या कलाकृतीला काळ असे काही देऊन जातो, जे प्रतिभेलाही एका रात्रीत देता येत नाही.

शेवटी काय झाले? अमांडा ब्लेक १९७४ साली, एकोणीस वर्षांनंतर निघून गेली. विसावे वर्ष किटीविनाच पार पडले. शेवटचा भाग ‘द शेअरक्रॉपर्स’ हा होता. अर्ध्या वाट्याने शेती करणाऱ्या एका गरीब कुटुंबाची आणि फेस्टसची ही गोष्ट. तीत निरोप समारंभ नाही, शेवटची झुंज नाही, मावळत्या सूर्याकडे जाणारा घोडेस्वारही नाही. पुढे १९८७ ते १९९४ या काळात आर्नेसने याच भूमिकेत पाच चित्रपट केले, परंतु ती वेगळी कथा. ज्या मालिकेचे नाव बंदुकीच्या धुरावरून पडले, ती संपली नांगरटीच्या गोष्टीवर. अनेकांना हा शेवट फुसका वाटतो. मला तो तिच्या उत्तरार्धाला शोभणारा वाटतो.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. एखादा लेखक, एखादा नट, एखादी संस्था उतारवयात बदलली की “पूर्वीची धार राहिली नाही” असे म्हणून आपण मोकळे होतो. धार गेली हे खरे असेलही. पण तिच्या जागी काय आले, हे पाहण्याचे कष्ट आपण घेतो का? आजोबांच्या चौतीस वर्षांकडे मी ज्या नजरेने पाहत होतो, ती नजर धारेचीच होती. आता मी त्यांना नोकरीतल्या गोष्टी विचारतो. त्यांत एकही गोळी नाही. पण गावेच्या गावे आहेत.

(तृतीय वर्ष, कला)