शस्त्रक्रियेनंतरचा प्रश्न

मिरजेची रुग्णालये ही सांगली-मिरज परिसराची जुनी ख्याती आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातले आणि उत्तर कर्नाटकातले रोगी या गावाची वाट धरीत आले आहेत. आज पंचाहत्तर वर्षांची एखादी म्हातारी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. आठवड्याभरात तिला घरी सोडतात. सोडताना डॉक्टर बजावतात की, आधाराशिवाय चालू देऊ नका, रात्री एकटे ठेवू नका. सल्ला अगदी योग्य असतो. अडचण एवढीच की, घरात तिच्याखेरीज असतो तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नवरा, आणि मुलगा असतो पुण्याला किंवा बंगळूरला.

वैद्यकाच्या दृष्टीने प्रकरण येथे संपते; कुटुंबाच्या दृष्टीने ते येथे सुरू होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे आरोग्यसंरक्षण दिले. ही गोष्ट लहान नाही आणि तिचे श्रेय देण्यात कद्रूपणा करण्याचे कारण नाही. परंतु हे संरक्षण रुग्णालयातील दाखल्याशी बांधलेले आहे. घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतची औषधे व तपासण्या त्यात बसतात. उठवून बसविणे, अंघोळ घालणे, कूस बदलणे, वेळेवर भरविणे ही कामे त्यात बसत नाहीत. शुश्रूषा हा आपल्याकडे अद्याप खर्चच मानला गेलेला नाही.

त्याचे कारण उघड आहे. जुने घर हे फुकटचे शुश्रूषागृह होते, कारण तेथील परिचारिका पगार मागत नसे. ती घरची सून किंवा लेक होती. आज ती शाळेत शिकवते, कचेरीत जाते, आणि तिने तसे जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मग ब्युरोकडून मावशी आणावी लागते. हिशेब कोणीही करून पाहावा. दिवसाची एक व रात्रीची एक अशा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर महिन्याला साठ पाळ्या होतात. एका पाळीला ५०० रुपये धरले, तरी तीस हजार झाले. बारा तास उभे राहणाऱ्या बाईला ५०० रुपये हा काही चैनीचा दर नव्हे, आणि त्यातूनही ब्युरोची कपात होते ती निराळीच. म्हणजे देणाऱ्याला न परवडणारी ही रक्कम घेणारीलाही पुरत नाही.

हे तीस हजार कोठून यावेत? जुन्या नियमांखाली निवृत्त झालेल्या शिक्षकाला निवृत्तिवेतनातून ते ओढून-ताणून काढता येतील. साखर कारखान्यातल्या वा खासगी कंपनीतल्या कारकुनाचे काय? भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेखाली सप्टेंबर २०१४ मध्ये जे किमान निवृत्तिवेतन ठरले, ते महिना १,००० रुपये. सांगलीच्या हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षे खतावणी लिहिणाऱ्या दिवाणजींच्या हाती बहुधा तेवढेही पडत नाही. आणि राज्य सरकारच्या व अनुदानित शाळांच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेली मंडळी अंशदान योजनेच्या आधारावर म्हातारपणाकडे चालली आहेत, ही गोष्ट आज चाळिशीत असलेल्या वाचकांनी विसरू नये.

वृद्धाश्रम आहेत, असे यावर सांगितले जाते. आहेत, आणि काही मनापासून चालविलेलेही आहेत. परंतु त्यांच्यापैकी अनेकांच्या प्रवेश-अर्जात एक अट असते: अर्जदार स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारा असावा. अंथरुणाला खिळल्यास नातेवाइकांनी त्यास घेऊन जावे. म्हणजे पाय धड असेपर्यंत आश्रय, आणि आश्रयाची खरी गरज लागली की घरी रवानगी. संस्थाचालकांना दोष देऊन भागणार नाही, कारण अंथरुणावरच्या माणसाला लागणारे मनुष्यबळ देणग्यांवर उभे राहत नाही. ज्या संस्था अशा रुग्णांना ठेवतात त्यांचे दर, परत न मिळणारी अनामत, औषधांचा वेगळा आकार हे सारे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही.

सरकारला या खर्चाची कल्पना नाही असेही नाही. सरकारचेच आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून मिळावयाच्या निर्वाहरकमेची कमाल मर्यादा ठेवली महिना १०,००० रुपये. २०१८ मध्ये वस्तू व सेवा कराच्या अधिसूचनेने धर्मादाय वृद्धाश्रमांना सूट दिली, ती दरडोई महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या आकारावर. आणि श्रावणबाळाच्या नावाने राज्य शासन निराधार वृद्धांना देते ते, २०२३ मधील वाढीनंतर, महिना १,५०० रुपये. तेही वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. योजनांची नावे ठेवताना सरकारला श्रावणबाळ आठवतो. त्याच्या कावडीत काय घालावयाचे ते मात्र प्रत्येक खाते आपापल्या तराजूने ठरविते. कर खात्याला धर्मादाय संस्थेतील निवासाचा खर्च पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकतो हे मान्य आहे, पण न्यायाधिकरणाला मुलाकडून दहा हजारांपलीकडे देवविता येत नाही, याची संगती कोणी लावून दाखवावी.

त्याच २००७ च्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांसाठी एक आश्रम राज्याने स्थापन करावा, असे कलम आहे. पण तेथील इंग्रजी क्रियापद बंधनकारक नाही. राज्य तसे 'करू शकेल' एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ती तरतूद निर्धनांपुरती. ज्याच्या नावावर दोन खोल्यांचे घर आहे, पण हातात रोकड नाही, असा मध्यमवर्गीय वृद्ध तेथेही बसत नाही आणि खासगी निवासातही बसत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले होते. दहा हजारांची मर्यादा काढणे, खासगी वृद्धनिवासांची आणि घरपोच शुश्रूषा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणी करणे, त्यांना किमान दर्जा घालून देणे, अशा त्यात तरतुदी होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही व्यपगत झाले. त्यासाठी कोणी सभागृह डोक्यावर घेतल्याचे ऐकिवात नाही.

तथापि दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला आजच्या अधिकारांतही पुष्कळ करता येईल. हद्दीतील प्रत्येक वृद्धनिवासाचे दर, अनामत व प्रवेशाच्या अटी यांचा तक्ता दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा. मिरजेत परिचर्या शिकविणारी महाविद्यालये आहेत. त्यांच्या साहाय्याने मावशींसाठी तीन महिन्यांचा वर्ग चालवून प्रमाणपत्र द्यावे व त्यांची नोंद प्रभाग कार्यालयात ठेवावी. रुग्णालयातून सुटलेल्या, पण घरी ठेवण्याजोग्या नसलेल्या वृद्धांसाठी सहा-आठ आठवड्यांपुरत्या वीस खाटा महापालिकेने चालविल्या, तर तिचे दिवाळे निघणार नाही.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याने ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यांची विचारपूस करावी, असे केंद्राच्या आदर्श नियमांत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कोणत्या मजल्यावर कोणती म्हातारी एकटी आहे हे सांगणारा कागद किती मोलाचा ठरला असता, हे नदीकाठच्या लोकांना विचारावे. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होते. या खाटांची व या वर्गाची तरतूद त्यात आहे की नाही, हे आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्याआधीच विचारता येईल.