व्हीगन चालेल, ‘शुद्ध’ चालणार नाही

रत्नागिरीतल्या एका बारमध्ये जेवायला बसलो. दारू नाही; २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं आम्ही. एका साथीने व्हीगन म्हणून काजूची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी मागवली. “बामण झालास काय?” आमच्यातलाच एकजण हसला.

हे आम्हाला पटत नाही. पंचगव्य पवित्र मानणारे दूधतूप कुठे सोडतात? जनावराचे हाल नकोत म्हणून कुणी ते सोडत असेल तर ते पहिल्या शीलाच्या जवळचंच आहे.

‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी मात्र वेगळी. ती ताटाआधी माणूस तपासते. गोमांसाहार हे अस्पृश्यतेचं एक मूळ, असं बाबासाहेबांनी १९४८ मध्येच ‘द अनटचेबल्स’मधून मांडलं. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. व्हीगन साथीने या बंदीला टाळ्या वाजवू नयेत, एवढंच आमचं म्हणणं. उसळ आम्हीही खाल्ली.